ऑक्टोपस, भिवंडी आणि आपल्या स्टेशनातला मेटल डिटेक्टर

(पोस्ट मोठी आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री घरी.)

२००६ चे लोकल बॉम्बस्फोट झाले, २००८ चा हल्ला झाला आणि आपल्याकडच्या स्टेशनांवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण. आठवतं ना? चौकट 'पीं' करायची आणि माणूस पुढे चालायला लागायचा. खिशात मोबाईल, कमरेला पट्टा, डब्याच्या पिशवीत स्टीलचा डबा, त्यामुळे ती प्रत्येकालाच पीं करायची. थोड्याच दिवसांत लोक बाजूच्या मोकळ्या जागेतून जायला लागले. शेजारी खुर्ची टाकून बसलेला पोलीसही वर बघेनासा झाला. त्याचा तरी काय दोष? सकाळी आठ ते दहामध्ये ज्या पुलावरून हजारो माणसं जातात, तिथे तो कोणाकोणाला थांबवणार?

या विषयावर वाचत असताना मला एका अमेरिकन माणसाची गोष्ट सापडली. रेफ सॅगरिन त्याचं नाव. काम समुद्री जीवशास्त्राचं. ओहोटीनंतर खडकांच्या खोबणीत पाणी साचून राहतं, त्यातले शिंपले, खेकडे, गोगलगायी यांचा अभ्यास करणारा. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी तो वॉशिंग्टनला संसदेत कामाला लागला. जिकडे तिकडे नवे अडथळे, पहारे, तपासणी. त्याच्या लक्षात काय आलं, तर रोज येणारे कर्मचारी मेटल डिटेक्टरमधून जाताना खिशातल्या किल्ल्यांवर हात ठेवतात, म्हणजे यंत्र वाजत नाही. यंत्र तेच राहिलं, माणसं मात्र त्याला सरावली. साध्या कर्मचाऱ्याला हे जमतं, तर ज्याला खरंच घात करायचाय त्याला जमणार नाही का?

त्यावरून त्याला प्रश्न पडला. पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षांपासून जीवसृष्टी आहे. प्रत्येक जीवाला कोणीतरी खायला टपलेलं आहे, तरी जीवसृष्टी टिकली. मग सुरक्षेचे धडे फक्त लष्करी अधिकाऱ्यांकडून का घ्यायचे, खडकावरच्या खेकड्याकडून का नाही? २०१२ साली त्याचं यावर पुस्तक आलं. नावातच ऑक्टोपस होता.

हे वाचलं आणि मला आठवली भिवंडी. सॅगरिनला ती माहीत असायचं कारण नाही. पण तो जे सांगत होता त्याचा प्रयोग कल्याणच्या खाडीपलीकडे, यंत्रमागांच्या खडखडाटात, त्याच्या पुस्तकाच्या वीसेक वर्षं आधी होऊन गेला होता.

आधी जीवशास्त्र थोडक्यात.

ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी जवळपास दोनतृतीयांश त्याच्या आठ हातांमध्ये असतात. दगडाच्या फटीत गेलेला हात तिथे काय आहे ते स्वतःच चाचपतो, चव घेतो आणि हालचालही बरीचशी स्वतःच ठरवतो. प्रत्येक बारीक गोष्टीसाठी मेंदूची परवानगी लागत नाही. पण हात मेंदूपासून तुटलेले नसतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरा मुद्दा, समोरचाही बदलत असतो. हरीण वेगवान झालं की चित्ताही वेगवान होतो. डास औषधाला दाद देईनासा होतो, जिवाणू अँटिबायोटिकला. एकदा भिंत बांधली आणि काम संपलं, असं निसर्गात होत नाही.

तिसरा मुद्दा सहकार्याचा. 'बळी तो कान पिळी' म्हणजेच उत्क्रांती, असा आपला एक समज आहे. तो अर्धवट आहे. एकमेकांच्या आधाराने टिकलेले जीव निसर्गात जागोजागी आहेत. मोठे मासे छोट्या माशांना स्वतःच्या तोंडात शिरून दात साफ करू देतात आणि गिळत नाहीत.

आता इतिहास.

भिवंडीत मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली. जळगावलाही लोण गेलं. न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, त्याने जाडजूड अहवाल दिला. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत आली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. 'भिवंडी' म्हटलं की दंगल, हे समीकरण झालं ते तेव्हापासून. माझ्या लहानपणी कल्याणमधली वडीलधारी माणसं भिवंडीला कामाला जाणाऱ्याला "संध्याकाळच्या आत घरी ये रे बाबा" म्हणून सांगायची.

दोन्ही वेळा पोलिसांकडे शांतता कमिट्या होत्या. शांतता कमिटी म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सण आला की पोलीस स्टेशनात बैठक. दोन्ही समाजांचे प्रतिष्ठित, पुढारी, हार, चहा-बिस्किटं, एक फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाचं तोंड बघत नाही. आणि त्या प्रतिष्ठितांपैकी काहींचं दुकान तणावावरच चालतं, हेही सगळ्यांना माहीत असतं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जुन्या दंगलींचा अभ्यास केला आणि कमिटीची पद्धतच उलटी केली. शहरभर सत्तरच्या आसपास मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान बरोबरीने. पुढारी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचे लोक बाहेर. आत कोण, तर यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, साधी माणसं. बैठक सणापुरती नाही, नियमित. आणि प्रत्येक कमिटीशी जोडलेला त्या भागातला पोलीस. साहेब नव्हे, तर ज्याला गल्लीबोळ माहीत असतात असा खालच्या फळीतला माणूस.

या बैठकांत दंगल या विषयावर भाषणं होत नव्हती. नळाची भांडणं, नवरा-बायकोची भांडणं, गटार, उधारी, पोराने काढलेली छेड. यातून हळूहळू एक गोष्ट झाली. या गल्लीतल्या माणसाला त्या गल्लीतल्या माणसाचं नाव कळलं आणि दोघांना हवालदाराचं नाव कळलं.

मग आला ६ डिसेंबर १९९२. मी तेव्हा सातवीत होतो. शाळा बंद, रस्ते ओस, रेडिओवर बातम्या. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली. हा आकडा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला आहे. घरातल्या मोठ्यांच्या तोंडी तेव्हा एकच वाक्य होतं, "आता भिवंडीचं काय होतंय बघा."

भिवंडीत काही झालं नाही. ज्या शहराचं नावच दंगल होतं, ते शहर शांत राहिलं. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, या प्रश्नावर खोपडे यांनी पुढे पुस्तकच लिहिलं. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी ही त्यातली नावं. म्हणजे एरवी मुंबईकडून भिवंडीने शिकायचं, या वेळी मुंबई भिवंडीकडून शिकली.

आता हे जीवशास्त्राच्या चष्म्यातून बघा. ऑक्टोपसचे सत्तर हात. प्रत्येक हाताला आपल्या फटीत काय चाललंय ते कळतंय, छोट्या गोष्टी तिथेच मिटवता येतात आणि मोठी गोष्ट लगेच मेंदूपर्यंत पोचते. अफवा उठली की "अमक्या मशिदीत काय झालं, अमक्या देवळात काय झालं" हे तपासायला तिथला ओळखीचा माणूस आहे. अफवेचं आयुष्य दहा मिनिटांचं झालं तर दंगल पेटत नाही. तिला दोन-तीन तास मोकळे मिळावे लागतात.

अजून एक गंमत सांगतो. १९८४ हे भिवंडीच्या दंगलीचं वर्ष. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या राज्यशास्त्रज्ञाचं सहकार्याच्या उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. त्याआधी त्याने एक स्पर्धा घेतली होती. वेगवेगळ्या अभ्यासकांनी कॉम्प्युटर प्रोग्रॅम पाठवायचे. ते एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळणार. प्रत्येक वेळी ठरवायचं, समोरच्याला साथ द्यायची की दगा. जिंकला तो सर्वांत साधा प्रोग्रॅम. पहिल्यांदा साथ दे, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं ते तू कर. तो सुधारला की तूही विसर. पण याला एक अट आहे. खेळ पुन्हा पुन्हा व्हायला हवा. आज एकदाच भेट आणि उद्या तोंड दिसणार नाही, असं असेल तर दगाच फायद्याचा ठरतो.

शांतता कमिटी आणि मोहल्ला कमिटी यांच्यातला फरक मला इथे कळला. वर्षातून एकदा भेटणाऱ्याला साथ देण्यात फायदा नाही. दर पंधरवड्याला ज्याच्याशी गाठ आहे, त्याच्या घरावर दगड मारणं अवघड जातं.

स्थानिक माणसाच्या माहितीचं मोल आपल्या भागाला तसं जुनं आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३७ साली ठाण्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, तेव्हा पोर्तुगीजांचं त्या किल्ल्याचं बांधकामही पुरं झालं नव्हतं. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. या मोहिमेत भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचं नाव मानाने घेतलं जातं. गावोगावची माणसं, वाटा आणि पाणी माहीत असलेला तो माणूस. पोर्तुगीजांकडे दगडी तट होता, पण भोवतालची प्रजा त्यांची राहिली नव्हती. १७३९ च्या मे महिन्यात वसईही पडली.

पण भिवंडीची गोष्ट १९९३ ला संपत नाही. संपली असती तर ही पोस्ट म्हणजे नुसती आरती झाली असती.

जुलै २००६ च्या पहिल्या आठवड्यात भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस स्टेशन बांधण्यावरून जमाव उसळला. गोळीबारात दोन जण गेले. त्यानंतर दोन पोलिसांना जमावाने मारून जाळलं. ज्या शहरात पोलीस आणि मोहल्ला एका सतरंजीवर बसत होते, त्याच शहरात. मधल्या तेरा-चौदा वर्षांत अधिकारी बदलले, कमिट्या कागदावर राहिल्या, बैठका पुन्हा हार आणि चहावर आल्या. हे माझं एकट्याचं मत नाही, भिवंडीतले जुने लोक हेच सांगतात.

अंधाऱ्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशांचे डोळे जातात. वापर नाही आणि सांभाळायला खर्च आहे, म्हणून. सुरक्षेचंही तसंच आहे. दंगल झाली नाही, की कमिटीची गरजच काय, असं वाटायला लागतं. दंगल कमिटीमुळे झाली नाही हे कोणत्याच फाईलमध्ये दिसत नाही. न घडलेल्या घटनेची बातमी होत नाही. आम्ही पत्रकारही ती करत नाही, यात आमचाही वाटा आहे.

त्यानंतर आठवडाही झाला नव्हता. ११ जुलैला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले आणि १८० हून जास्त प्रवासी गेले. मग आल्या त्या चौकटी.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर त्या चौकटी होत्याच. हल्लेखोर त्यांच्यासाठी थांबले नाहीत. तिथे पन्नासहून जास्त माणसं गेली. पण त्याच स्टेशनात विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. रोज "कल्याणला जाणारी धीमी लोकल" सांगणारा माणूस. त्यांनी केबिनमधून प्रकार पाहिला आणि कोणाच्या आदेशाची वाट न बघता माईकवरून प्रवाशांना सांगायला सुरुवात केली, की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. केबिनच्या दिशेने गोळ्या आल्या तरी सांगत राहिले. त्या रात्री किती जण त्यांच्यामुळे घरी आले असतील, त्यात आपल्या कल्याण-डोंबिवलीचे किती असतील, याची मोजदाद नाही. मानेसरहून एनएसजीचे कमांडो येईपर्यंत सकाळ उजाडली. कमांडो हवेतच. पण पहिल्या दहा मिनिटांत जे करायचं, ते जागेवरचा माणूसच करू शकतो.

समुद्राकडूनही तेच. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं. कस्टम आणि पोलिसातल्या काहींना त्यात पुढे शिक्षा झाली. पंधरा वर्षांनी हल्लेखोर पुन्हा समुद्रातूनच आले. कफ परेडच्या मच्छिमार वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. पण तिथून पुढे काही हललं नाही. हाताला कळलं होतं, मेंदूपर्यंत गेलं नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं लोकांच्या हाती द्या, झालं! नाही. इथेच सावध व्हायला हवं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२०, पालघरचं गडचिंचले. पालघर म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग. लॉकडाऊन, चोर फिरत असल्याच्या अफवा, आणि दोन साधू व त्यांचा ड्रायव्हर असे तिघे गेले. हेही 'दक्ष नागरिक'च होते. रात्र-रात्र जागून पहारा देणारे.

शरीरात याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. रोगप्रतिकार यंत्रणा परक्या जंतूला सोडून आपल्याच सांध्यांवर, आपल्याच पेशींवर तुटून पडते. प्रतिकारशक्ती जोरदार असून भागत नाही, आपला कोण आणि परका कोण हे तिला कळावं लागतं. चांगली यंत्रणा कधी थांबायचं हेही शिकलेली असते. भिवंडीच्या मोहल्ला कमिटीत आणि गडचिंचल्याच्या जमावात फरक हाच. एकीकडे दोन्ही समाजांची, एकमेकांना ओळखणारी माणसं आणि जोडलेला पोलीस. दुसरीकडे भीती, अंधार आणि फॉरवर्ड. मेंदूपासून तुटलेले हात म्हणतात ते हेच. आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सावधान! परिसरात संशयित" असे फोटो फिरतात ना, तेव्हा मला राईनपाडा आठवतो.

आता आपल्या घराकडे येऊ.

२६ मे २०१६. डोंबिवली एमआयडीसी फेज दोन. सकाळी साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास केमिकल कंपनीत स्फोट झाला. मी बातमीसाठी गेलो तेव्हा रस्त्यावर काचांचा खच होता, चपलेखाली करकर आवाज येत होता. एका आजींनी मला विचारलं, "बॉम्ब होता का रे?" बारा माणसं गेली. चौकशी बसली, कंपन्या हलवण्याची घोषणा झाली.

२३ मे २०२४. तीच एमआयडीसी, तोच फेज दोन, तोच मे महिना. दुसऱ्या केमिकल कंपनीत स्फोट. दहाहून जास्त माणसं गेली. पुन्हा काचा, पुन्हा पंचनामे, पुन्हा तीच घोषणा. मी माझी २०१६ ची बातमी काढून पाहिली. तारीख आणि नावं बदलली असती तरी ती छापता आली असती.

आठ वर्षांत माझ्या माहितीतल्या एकाही सोसायटीला कोणी येऊन सांगितलं नाही, की तुमच्या भिंतीपलीकडच्या कंपनीत अमुक रसायन आहे, वास आला तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला पळायचं, पाणी मारायचं की नाही. कंपनीतल्या कामगाराला हे माहीत असतं. तो आपल्याच चाळीत राहतो. त्याला विचारणारी बैठक नाही.

आणि लोकल? ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्याच दिवशी चार जण गेले. त्यासाठी अतिरेकी लागला नाही. दारात लोंबकळणारा प्रवासी हा रोजचा धोका, म्हणून तो धोका वाटेनासा झालाय. सॅगरिन स्वतः कसा गेला, माहितीये? ज्याने दहशतवाद्यांपासून वाचायचे धडे दिले, तो २०१५ साली सायकल चालवताना एका गाडीच्या धडकेने गेला.

उलटं उदाहरणही आपल्याच भागात आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी. एनडीआरएफ आलं, नौदल आलं आणि आसपासच्या गावांतले लोकही धावले. सगळे सुखरूप बाहेर. पाणी कुठे खोल आणि कुठे उथळ हे गावकऱ्याला माहीत, बोटी सरकारकडे. दोन्ही जुळलं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. वॉर्डावॉर्डात नव्या कॅमेऱ्यांचे बोर्ड लागतायत, लागू देत. त्यासोबत महिन्यातून एक बैठक लावा. प्रभागातले रहिवासी, एमआयडीसीतले कामगार, रिक्षा स्टँडवाले, प्रवासी संघटनेचे लोक, झोपडपट्टीतल्या बायका आणि बीटवरचा पोलीस, अग्निशमनचा एक माणूस. वेगवेगळ्या धर्मांचे, भाषांचे. मंचावर खुर्च्या नकोत, हार नकोत. आणि काही घडलं नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा. मुख्य म्हणजे काही घडलं नाही तरी. भिवंडीने हे करून दाखवलं आणि मग सोडून दिल्यावर काय होतं तेही दाखवलं.

भिवंडीतल्या जुन्या मोहल्ला कमिटीत तुमचे वडील, काका, शेजारी कोणी असतील तर कमेंटमध्ये सांगा. त्या बैठका कशा व्हायच्या, कधी बंद पडल्या, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्याकडचं हे ज्ञान कुठल्याही चौकीच्या कपाटात लिहून ठेवलेलं नाही.